पैलवानाची झोप : एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

हे लिहिण्याआधी दोन्ही घरांना विचारलं : ज्याच्या हातून अपघात झाला त्याच्या आणि ज्यांचा माणूस त्यात गेला त्यांच्या. पैलवान लगेच हो म्हणाला. त्याच्या होकाराला मी फार किंमत दिली नाही, कारण स्वतःबद्दल वाईट छापून येणार असेल तर तो कधीही तयार असतो. दुसऱ्या घरातल्या बाईंनी दोन महिने घेतले आणि मग अट घातली : नवऱ्याचं नाव नको, आणि 'बिचारा' हा शब्द कुणालाच लावायचा नाही. म्हणून इथे नावं नाहीत, गावंही नाहीत. तो 'पैलवान', त्या 'ताई'. तोही त्यांना ताईच म्हणतो. त्या त्याला काहीच म्हणत नाहीत.

मी धुळ्यात समुपदेशनाचं काम करतो. अपघातात माणूस गमावलेली घरं माझ्याकडे येतात. ज्याच्या हातून माणूस गेला तो मात्र सहसा येत नाही. तो वकिलाकडे जातो आणि वकील त्याला गप्प बसायला सांगतो. त्यामुळे या बाजूचा माझा अनुभव कमी होता. त्याचा फटकाही बसला, तो पुढे येईल.

पैलवान तेव्हा 33 वर्षांचा होता. आठवीत असल्यापासून तालमीत. शालेय आणि कुमार गटात राज्य पातळीवर खेळला, पदकही आहे. कान दोन्ही बाजूंनी मोडलेले, त्यामुळे अनोळखी माणूसही त्याला पैलवान म्हणूनच हाक मारतो. खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणातून पोलीस खात्यात लागायचं, एवढाच घराचा हिशेब होता. आपल्याकडे तो हिशेब प्रत्येक तालमीत मांडलेला असतो. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी 2014 ते 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक झाला, हे इथल्या प्रत्येक बापाला पाठ आहे. या पैलवानाचा गुडघा मात्र चोविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर गावातली बंद पडलेली तालीम त्याने उघडली. ताक, हळद, तेल, लिंबू घालून माती पुन्हा मळली आणि पंधरा-वीस पोरं जमवली. एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवायचा. बायको शिलाईकाम करते, एक मुलगी आहे.

2023 च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या जत्रेला, तापीपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात कुस्त्यांची दंगल होती. मित्राची सात सीटर गाडी मागून घेतली, सहा पोरं बसवली आणि स्वतः चालवत गेला. रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या, लहान कुस्त्या दुपारी सुरू झाल्या, निकालीची शेवटची रात्री अकराला लागली. इनामाचे पैसे हातात पडून जेवणं होईपर्यंत दीड वाजला. यजमान म्हणाले, शाळेच्या ओट्यावर झोपा, सकाळी जा. पण सकाळी पोरांची शाळा होती, गाडी मित्राला आठला परत द्यायची होती आणि पैलवानाला 'दमलो' म्हणायची सवय नव्हती. तालमीत तो शब्द कुणी शिकवतच नाही. वाटेत चहाला थांबले, एक टायर बदलावं लागलं. अमळनेर मागे पडलं तेव्हा पहाटेचे पाच वाजत आले होते.

आदल्या दिवशी तो साडेचारला उठला होता. म्हणजे सलग चोवीस तास जागा. दारूचा थेंब नव्हता, रक्ततपासणी स्वच्छ आली. त्याच्या घरचे सुरुवातीला हेच सांगत सुटले होते, "प्यायलेला नव्हता हो." पण चोवीस तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि डोकं साधारण तितकंच मंदावतं, जितकं 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम मद्य असताना मंदावतं. आपल्या कायद्याची मर्यादा 30 ची आहे. नळीत फुंकून झोप मोजता येत नाही, एवढाच फरक.

गाडी सत्तरच्या वेगात होती, असं तो स्वतः सांगतो. त्या वेगाने गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर 78 मीटर. मॅटवरचं कुस्तीचं वर्तुळ नऊ मीटरचं असतं. अशी जवळपास नऊ वर्तुळं त्याने डोळे मिटून ओलांडली. पुढे डाव्या कडेने दूधवाला मोटारसायकलवर चालला होता, दोन्ही बाजूंना कॅन लावून. वय 38.

पुढचा तासभर पैलवान नीट वागला, हेही नोंदवलं पाहिजे. पळाला नाही. 108 ला फोन लावला. गाडी यायला वेळ लागेल असं वाटल्यावर त्या माणसाला स्वतः उचलून मागच्या सीटवर घेतलं आणि दवाखाना गाठला. तिथून चालत पोलीस ठाण्यात गेला. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमानुसार चालकाचं कर्तव्यच आहे, पण रोज पेपर वाचणाऱ्याला माहीत आहे की ते किती जण पाळतात. दूधवाला वाटेतच गेला. सहाही पोरांना फक्त खरचटलं. नंतर एका पोराने मला सांगितलं की रस्ता पांढरा झाला होता आणि त्यात सरांची एक चप्पल तरंगत होती.

गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 279 आणि 304-अ कलमांखाली दाखल झाला. न्याय संहिता 1 जुलै 2024 ला आली. तिच्या 106 व्या कलमात याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या कलमात दोन वर्षांपर्यंत होती. गुन्हा जामीनपात्र असल्याने त्याच दिवशी जामीन झाला. घरी आला आणि तिथून खरं प्रकरण सुरू झालं.

पहिल्या चार महिन्यांत त्याने जे केलं ते सगळं मोठं होतं आणि सगळ्यांना दिसेल असं होतं. दहाव्याच्या दिवशी गव्हाचं पोतं आणि 51 हजार रुपये घेऊन दूधवाल्याच्या दारात गेला. ताईंच्या भावाने गल्लीतूनच हाकलला. पोतं रस्त्यात फुटलं. चैत्रात अनवाणी वणीला, सप्तशृंगी गडावर पायी गेला. गडाची वाट खान्देशाला नवी नाही, पण बरेच लोक चपला घालून जातात. परत आला तेव्हा तळपायाची सालं निघाली होती. मग त्याच्या डोक्यात आलं की दूधवाल्याच्या नावाने दरवर्षी कुस्त्यांची दंगल भरवायची, चषक ठेवायचा. बॅनरचा नमुनासुद्धा करून घेतला. एका कोपऱ्यात मृताचा फोटो, दुसऱ्या कोपऱ्यात, लंगोटावर, स्वतःचा. तो नमुना कुणीतरी मोबाइलवर फिरवला आणि ताईंच्या थोरल्या मुलाने शाळेत पाहिला.

तो बॅनर मी पाहिला आहे. त्यात लबाडी काही नव्हती. ज्या माणसाला आयुष्यात फक्त आखाड्यातच मान मिळाला, तो माफीही आखाड्यातच मागणार. कुस्तीत निकाल लागतो : पाठ टेकली की संपलं, उठून हात मिळवायचा. त्याला अशीच एक निकाली कुस्ती हवी होती, जी जीव तोडून खेळली की हे संपेल. अवघड काम सांगा, तो करणार. पण अवघड काम त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

माझ्याकडे त्याची बायको त्याला घेऊन आली ती जुलैमध्ये. कारण वेगळंच होतं. तो झोपत नव्हता. म्हणजे झोप येत नव्हती असं नाही, तो येऊ देत नव्हता. भिंतीला पाठ लावून बसायचा, मान कलली की उठून बैठका मारायचा. झोपेने घात केला ना, मग झोपायचंच नाही. पहाटे डोळे लाल करून तालमीत जायचा आणि तिथून मोटारसायकलवर शाळेत. मी त्याला विचारलं, "म्हणजे न झोपता रोज गाडी चालवतोस?" तो माझ्याकडे पाहत राहिला. चार महिने तो स्वतःला ज्या शिक्षेत ठेवून होता, तीच दुसऱ्या अपघाताची तयारी होती, हे त्याच्या लक्षातच आलेलं नव्हतं. त्या दिवशी मोटारसायकलची किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली.

दुसरा एक खिळा आणखी खोल होता. तिसऱ्या भेटीत त्याने विचारलं, "सर, मी उचललं म्हणून तर गेला नाही ना तो?" शंभर किलोचा गडी खांद्यावर घेणारा माणूस, त्याला आपल्या हातांचीच भीती बसली होती. तालमीत पोराला धरायलाही हात थरथरायचा. शवविच्छेदनाचा अहवाल दोषारोपपत्रात होता. मी तो माझ्या ओळखीच्या डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी त्याला समोर बसवून एकेक ओळ मराठीत समजावली : मार डोक्याला होता, मान आणि पाठीचा कणा शाबूत होता, उचलण्याने ते झालेलं नाही. डॉक्टरांनी पुढे हेही सांगितलं, की ते धडकेने झालं. त्याने मान हलवली. एवढं अर्धं ओझं खरोखर त्याचं नव्हतं, ते उतरलं. उरलेलं त्याचंच होतं आणि ते उतरवण्याचा प्रयत्न मी केला नाही.

माझी चूक याच सुमारास झाली. मी त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं. चांगलं पत्र होतं, सबबी नव्हत्या, 'मी झोपलो' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या एका विधी स्वयंसेविकेच्या हाती ते पाठवलं. ताईंनी उघडलं नाही, चुलीतही टाकलं नाही, देव्हाऱ्याच्या फळीवर न फोडता ठेवून दिलं. स्वयंसेविका सांगत होती, रोज दिवा लावताना ते पाकीट समोर यायचं आणि सासूबाई रडायच्या. मी त्याचं ओझं कमी करायला निघालो होतो आणि एक नग उचलून त्या घरात ठेवून आलो. माफी मागणंसुद्धा एक मागणंच असतं. समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, निदान नकार तरी. हे मला शिकवलेलं होतं, मी ते विसरलो. पाकीट परत मागवलं.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या घराच्या वाटेला गेलो नाही. त्या काळात पैलवानाने केलेल्या गोष्टींवर बॅनर होणार नाही : तारखांना हजर राहिला, औषध घेतलं, झोपला. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिन्यात दोन शाळांनी त्याला बोलायला बोलावलं, तेव्हा मी नको म्हणालो. दूधवाल्याचं मरण त्याच्या भाषणातला किस्सा झालं असतं.

मग 2024 च्या अखेरीस ताईंचाच निरोप आला.

त्यामागे जे घडलं ते समजून घ्यायला दाव्याची रचना सांगावी लागेल. ताईंच्या भावाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला होता. सहा महिन्यांच्या मुदतीत तो पाचव्या महिन्यात दाखल झाला, थोडक्यात वाचला. अशा दाव्यात चालक, गाडीमालक आणि विमा कंपनी असे सामनेवाले असतात आणि पैसे बहुतेक वेळा कंपनीच देते. हिशेबाचं सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांनी पक्कं केलं आहे. महिन्याची कमाई 12 हजार धरली तर वर्षाची 1 लाख 44 हजार. स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के : 2 लाख 1 हजार 600. मागे पाच जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा : 1 लाख 51 हजार 200. अडतिसाव्या वर्षाला गुणक 15. झाले 22 लाख 68 हजार, वर सहवास, अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा. म्हणजे 25 लाखांच्या पुढे.

कंपनीने लेखी कैफियतीत मांडलं की मोटारसायकल शेतरस्त्यावरून अचानक डांबरीवर आली आणि तिचा मागचा दिवा बंद होता, तेव्हा निम्मी चूक मृताची. हे मान्य झालं असतं तर निम्मी रक्कम गेली असती. दिव्याची काच धडकेत चुरा झालेली, पंचनामा उजाडल्यावर झालेला. दिवा चालू होता की बंद, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला होता. आणि अशा दाव्यात चालक सहसा फिरकतच नाही. दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालतो आणि त्याच्या बाजूने कंपनी बोलते.

भेट ताईंच्या ओट्यावर झाली. पाच जण होतो. दोन म्हशींपैकी एक विकलेली, दुसरी समोर बांधलेली. ओट्याच्या कडेला एक कॅन होता, पोटात मोठी खोक पडलेला, तुटलेल्या कडीच्या जागी तार पिळलेली. तो कोणता कॅन आहे हे सांगायची गरज नव्हती. पैलवानाने तो पाहिला आणि नजर काढली नाही. थोरला मुलगा पहाटे त्याच कॅनमधून रतीब घालतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताईंनी विचारलं,

"तुले रातले झोप लागस का?"

मला वाटलं आता हा रडेल, पाया पडेल. तो म्हणाला, "लागस, ताई."

"माले नही लागत."

यावर तो काही बोलला नाही. मी त्याला वर्षभर जे शिकवत होतो ते हेच होतं, पण तो हे माझ्यामुळे करत होता असं मला वाटत नाही. ताईंनी पदर सारखा केला.

"लाईट चालू व्हता का त्यास्ना?"

"व्हता. दूरथून लाल लाईट देखा मी. रस्तावरच व्हता, डावा बाजूले. मंग मना डोया लागी गया."

"मंग कोर्टमा सांग."

एवढंच. चहाही झाला नाही. निघताना ताईंचा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, माफीबिफी काही समजू नका." मी म्हटलं, नाही समजत.

वकील भडकला, आणि त्याचं चूक नव्हतं. फौजदारी खटला उभा होता. 'मी झोपलो' असं शपथेवर सांगणं म्हणजे 304-अ चा दोर स्वतःच्या हाताने गळ्यात घालणं. शिवाय विमा पॉलिसीत अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही. गाडीमालक मित्राला त्याचाच धाक वाटला आणि ती मैत्री तिथेच तुटली, आजतागायत. बायकोने मात्र एकच विचारलं, किती दिवस आत जावं लागेल? वकिलाने खांदे उडवले.

2025 च्या सुरुवातीला त्याची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होतो. गर्दी नव्हती, पंखा कुरकुरत होता, पुढच्या तारखा पुकारल्या जात होत्या. पैलवानाच्या आयुष्यातली ही सगळ्यात कमी प्रेक्षकांची कुस्ती. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत नेमकं बोट ठेवलं : तुम्ही म्हणता झोप लागली होती, मग दिवा कसा दिसला? तो म्हणाला, दिवा आधी दिसला, झोप नंतर लागली, दिवा विझलेला मी पाहिलाच नाही. अर्जदारांकडून पैसे घेतले का? त्याने सांगितलं, द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतले नाहीत. वकिलाने पुढचा प्रश्न विचारला नाही. चाळीस मिनिटांत संपलं. न्यायाधिकरणाने निकालात मृताची चूक शून्य धरली.

फौजदारीत वकिलाने प्ली बार्गेनिंगचा मार्ग सुचवला होता. त्यात पीडितांच्या घरच्यांना सोबत बसवून समझोता होतो आणि शिक्षा कमी होऊ शकते. ताई म्हणाल्या, सौदा नको. खटला परस्पर मिटवण्याची सोय 304-अ ला नाहीच. मग पैलवानाने गुन्हा कबूल केला. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची विनंती झाली, पण वाहन चालवून माणूस मारल्याच्या गुन्ह्यात ती सवलत सहसा देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दलबीर सिंग प्रकरणात म्हटलं आहे, आणि खालची कोर्टं ते धरून चालतात. तीन महिने साधी कैद आणि दंड झाला. शाळेतली तासिका गेली. तालीम थोरल्या पोरांनी झाडून-लोटून चालू ठेवली. जेलमध्ये भेटलो तेव्हा वजन वाढलेलं होतं. म्हणाला, "सर, इथं नऊला दिवे बंद." माझं मत विचाराल तर तीन महिने जास्त नव्हते. कमी होते का, हे मला ताईंना विचारायचं धाडस झालं नाही.

या प्रकरणात माफी झालेली नाही. पुढच्या आखाजीला ताईंच्या घरी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पितरांना घास टाकला. त्या दिवशी पैलवान गावाबाहेरच होता. मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. निकालाची रक्कम आली. त्यातली मुलांच्या वाट्याची ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत राहील. ताईंनी दुसरी म्हैस घेतली. खोक पडलेला कॅन अजून वापरात आहे.

यंदाच्या जत्रेत मी मुद्दाम गेलो होतो. रात्री बारानंतर यजमानांपैकी कुणीतरी म्हणालं, "पैलवान, मोकळा रस्ता आहे, तीन तासांत घरी लागशील." गाडी भाड्याची होती, ड्रायव्हरही भाड्याचा. पैलवानाने ड्रायव्हरपुढे हात केला. त्याने कुरकुरत किल्ली दिली. पैलवानाने ती देवळाच्या पुजाऱ्याकडे नेऊन दिली आणि सांगितलं की सकाळी आठच्या आत कुणी मागितली, अगदी मी मागितली, तरी द्यायची नाही. मग शाळेच्या ओट्यावर सतरंज्या पडल्या. पोरं थोडा वेळ कुजबुजली, कुणीतरी शेंगा फोडल्या. पंधरा मिनिटांत सगळ्यात मोठ्याने घोरत होता तो पैलवानच.